यशाचे वांटेकरी

कोणतेंही कार्य सिद्धीस गेलें म्हणजे तें कोणामुळें गेलें, आणि फसलें म्हणजे कोणामुळें फसलें, हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय मनुष्यास चैन पडत नाहीं. परीक्षेचा निकाल, शेताचें पीक, मुलाचें वर्तन, घरांतील आजाऱ्याचें बरें होणें, यांपैकीं कशाचाही शेवट लागला कीं आपण लागलीच एक कर्ता शोधूं लागतों; आणि तो सांपडला म्हणजे त्याच्या गळ्यांत हार तरी घालतों, नाहीं तर त्याच्या माथीं खापर तरी फोडतों. एका कर्त्यानें आपलें भागतें. दुसरा आढळला तर अडचणच होते. ह्या संवयींत न्याय किती व अन्याय किती, याचा विचार नीतिशास्त्रज्ञांनीं पुष्कळ केला आहे; परंतु तो बहुधा राज्यें आणि युद्धें यांसारख्या मोठ्या उदाहरणांच्या आधारें केलेला असतो. आम्ही आज त्याकरितां फार लहान वस्तु निवडली आहे. तिची रुंदी बहुधा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. ती म्हणजे डोळ्याच्या आंतील पडद्यास मध्यभागीं पडणारें छिद्र, आणि प्रश्न एवढाच कीं, तें छिद्र शस्त्रक्रियेनें बुजविल्यावर दृष्टि किती परत येते, व ती जितकी येते किंवा येत नाहीं, तिचें श्रेय अथवा दोष कोणाचा?

प्रथम त्या विकाराचें स्वरूप थोडक्यांत सांगितलें पाहिजे. डोळ्याच्या आंतल्या मागील बाजूस जो प्रकाशग्राही पडदा असतो, त्यास दृष्टिपटल म्हणतात, व त्याच्या मधोमध असणाऱ्या पिवळसर भागास पीतबिंदु म्हणतात. वाचणें, सुई ओवणें, तांदुळांतला खडा वेंचणें, समोरच्याचा चेहरा ओळखणें, हीं सारीं बारीक कामें ह्या बिंदूवर अवलंबून असतात. भोंवतालचें पटल मुख्यतः बाजूचें व हालचालीचें भान देतें. डोळ्याची पोकळी कांचेसारख्या स्वच्छ आणि लिबलिबीत गिरानें भरलेली असते. वय वाढलें म्हणजे हा गीर आकसतो व पटलापासून सुटूं लागतो. बहुतेकांच्या डोळ्यांत ही सुटका निर्वेधपणें होते. कांहींच्या डोळ्यांत मात्र तो पीतबिंदूपाशीं चिकटून राहतो, तेथें ओढ बसते आणि पटल नेमकें मध्यावर उसवतें. दुखत नाहीं, डोळा लालही होत नाहीं. फक्त सरळ ओळ मध्यें वांकडी दिसूं लागते, अक्षरें चिमटल्यासारखीं होतात, आणि पुढें पाहूं त्याच ठिकाणीं एक डाग येऊन बसतो. साठी उलटलेल्या माणसांत, व त्यांतही पुरुषांपेक्षां स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो.

इजा झालेल्या डोळ्यांतील अशा छिद्राचें वर्णन हेर्मान क्नाप यांनीं १८६९ सालींच केलें होतें. इजेवांचून पडणाऱ्या छिद्रामागें ही ओढ कशी असते, हें अमेरिकेंतील डॉ. डोनाल्ड गॅस यांनीं १९८८ सालीं टप्पे पाडून दाखविलें. तोंपर्यंत ह्या विकारास उपाय नाहीं असेंच समजत. पुढें १९९१ सालीं केली व वेंडेल या दोघां अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं ५२ डोळ्यांवर केलेल्या शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. सूक्ष्म हत्यारानें आंतला गीर कापून काढावयाचा, ओढ नाहींशी करावयाची, पोकळींत वायु भरावयाचा आणि रोग्यास कांहीं दिवस मान खालीं घालून ठेवावयाचें, म्हणजे वर तरंगूं पाहणारा वायूचा बुडबुडा पीतबिंदूवर टेंकून राहतो व छिद्राच्या कडा जुळूं लागतात, अशी ती रीत होती. नंतर त्या कृतींत सुधारणा होत गेल्या; पटलावरील अत्यंत पातळ पापुद्रा रंगवून सोलून काढण्याची रीत रूढ झाली; आणि आज बेताच्या आकाराचीं शंभर छिद्रें असलीं तर त्यांतील नव्वदांहून अधिक एकाच शस्त्रक्रियेंत बुजतात.

परंतु १९९१ सालच्या त्या पहिल्या वृत्तांतांतील आंकडे अजूनही मनन करण्यासारखे आहेत. ५२ पैकीं ३० डोळ्यांतील छिद्रें बुजलीं. त्या ३० पैकीं २२ डोळ्यांस तक्त्यावरील दोन किंवा अधिक ओळी पूर्वीपेक्षां जास्त वाचतां येऊं लागल्या. आतां ह्यांत यश किती? शस्त्रवैद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तें ३० आहे, कारण त्यानें जें करावयाचें मनांत धरिलें होतें तें तीस वेळां साधलें. रोग्याच्या दृष्टीनें पाहिलें तर तें २२ आहे. कारण रोगी छिद्र बुजवून घेण्यासाठीं आलेलाच नसतो, तो दिसावें म्हणून आलेला असतो. मधले आठ डोळे हे आमच्या ह्या लेखाचा खरा विषय होत. त्यांच्या कागदावर शस्त्रक्रिया यशस्वी असें लिहिलें जातें, आणि त्यांचा मालक घरीं जाऊन पोथी उघडतो तों अक्षरें पूर्वींसारखींच मोडलेलीं! अशा वेळीं त्याच्या घरांत एक कर्ता शोधण्यास आरंभ होतो.

हे आठ कां उरतात, यास शास्त्राचें उत्तर मोठें उद्बोधक आहे. छिद्र पडतें तेव्हां तेथील सूक्ष्म दृष्टीच्या पेशी बहुतांशीं नष्ट झालेल्या नसतात. त्या कडेला सरकलेल्या असतात. जत्रेंत खेळाकरितां रिंगण मोकळें केलें म्हणजे माणसें मागें हटतात, पण कोठें जात नाहींत; रिंगण मोडलें कीं पुन्हा मध्यें येतात. छिद्र लवकर बुजलें तर ह्या पेशीही बऱ्याच अंशीं आपल्या जागीं परततात, आणि दृष्टि परत येते ती ह्यामुळें. परंतु रिंगण जर दीर्घकाळ उघडेंच राहिलें, तर कडेच्या पेशी झिजतात व मरतात. मग छिद्र बुजतें तेंही बुजतें, पण साहाय्यक पेशींचें ठिगळ लागून. ठिगळानें भोंक झांकतें, पण ठिगळास दिसत नाहीं. म्हणून छिद्राची रुंदी किती होती, तें किती दिवसांचें होतें, शस्त्रक्रियेपूर्वीं दृष्टि किती शिल्लक होती, आणि प्रकाशाच्या किरणांनीं पटलाचा उभा छेद दाखविणाऱ्या ओसीटी नामक यंत्रांत त्या पेशींचे थर अखंड दिसत होते कीं तुटलेले, ह्यांवर पुढची दृष्टि फार अवलंबून असते. तीव्र लघुदृष्टीचा, म्हणजे मोठ्या उणे नंबराचा, डोळा असला तर अडचण आणखी वाढते. तज्ज्ञांनीं २०१३ सालीं ठरविलेल्या वर्गवारीप्रमाणें २५० मायक्रॉनपर्यंतचें छिद्र लहान, ४०० पर्यंतचें मध्यम व त्यापुढचें मोठें समजतात. सुधारणाही एकदम होत नाहीं. ती महिनोगणती चालते, कधीं वर्ष उलटल्यावरही थोडी थोडी होत राहते. शिवाय उतारवयाच्या रोग्यांत ह्या शस्त्रक्रियेनंतर एक-दोन वर्षांत बहुधा मोतीबिंदु वाढतो, तेव्हां जुळत आलेली दृष्टि पुन्हा धूसर होते, व तो काढल्यावांचून खरा हिशेब कळत नाहीं.

हीं सारीं कारणें पाहिलीं म्हणजे भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायांतील एका विवेचनाची आठवण होते. कोणत्याही कर्माच्या सिद्धीस एक नव्हे, पांच कारणें लागतात, असें तेथें म्हटलें आहे: ज्या आधारावर कर्म घडतें तें अधिष्ठान, करणारा कर्ता, साधनें, नाना प्रकारच्या क्रिया, आणि पांचवें दैव. इतकीं कारणें असतां जो केवळ आपणांसच कर्ता समजतो, त्याची बुद्धि शुद्ध नव्हे, असाही निर्णय तेथें दिला आहे. आमच्या उदाहरणास हें विवेचन तंतोतंत लागू पडतें. येथें अधिष्ठान म्हणजे त्या रोग्याचें पटल, त्याचें वय, छिद्राची रुंदी व कडेच्या पेशींची अवस्था. कर्ता शस्त्रवैद्य. साधनें म्हणजे कर्तक, रंग, वायु व यंत्रें. क्रिया म्हणजे गीर काढण्यापासून मान खालीं घालून पडण्यापर्यंतचें सर्व कांहीं. ह्यांत रोगी स्वतःही कर्त्याचा भागीदार होतो. आणि हें सारें समान असूनही दोन डोळ्यांचे परिणाम भिन्न होतात, त्या शेष भागास दैव म्हणावें. ह्या पांचांत वजनदार कारण शोधूं गेलें तर तें अधिष्ठान आहे. शस्त्रवैद्य हातांत हत्यार घेतो त्याच्या आधींच निकालाचा बराच भाग लिहिला गेलेला असतो.

परंतु माणसें दोष देतात तो अधिष्ठानास नव्हे. जें डोळ्यांसमोर घडलें त्यास दोष देतात, आणि डोळ्यांसमोर घडलेल्यांपैकींही जो उलट उत्तर करणार नाहीं त्यास आधीं देतात. आमच्या परिचयाच्या एका घरीं सत्तरीच्या एका बाईंवर ही शस्त्रक्रिया झाली. पुढचे कांहीं दिवस त्या पालथ्या पडून होत्या. जेवण तसेंच, बोलणें तसेंच, भेटावयास आलेल्या माणसांचे फक्त पाय दिसावयाचे. छिद्र बुजलें, पण अक्षरें मोडकींच राहिलीं. घरांत निर्णय झाला तो असा कीं, आई रात्रीं झोंपेंत कुशीवर वळत असत, त्याचा हा परिणाम! बाईही तेंच म्हणूं लागल्या, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यास आपला अपराध सांगूं लागल्या. वास्तविक छिद्र बुजलें होतें, म्हणजे पालथें पडण्याचा मुख्य हेतु तडीस गेला होता. त्या अपराधाचा पुरावा कांहींच नव्हता. ज्या गोष्टीचा पुरावा होता ती मात्र कोणी उच्चारीना: "ओळी मधेंच वांकतात," असें त्या बाईंनीं शस्त्रक्रियेच्या दीड वर्ष आधीं घरांत सांगितलें होतें, आणि "चष्म्याचा नंबर बदलला असेल, दिवाळीनंतर पाहूं," असें त्यांस उत्तर मिळालें होतें.

पालथें पडण्याविषयींही येथें सांगितलें पाहिजे. ह्या नियमाचें महत्त्व किती, हें पाहण्यासाठीं ब्रिटनमध्यें ४०० मायक्रॉन व त्याहून मोठीं छिद्रें असलेल्या १८५ रोग्यांची चाचणी घेण्यांत आली व तिचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. कोणी पालथें पडावें व कोणी समोर पाहत राहावें, हें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें केवळ योगायोगानें ठरविलें होतें. पालथ्या गटांत शेंकडा ९५ हून थोडीं अधिक छिद्रें बुजलीं; दुसऱ्या गटांत शेंकडा सुमारें ८६. अंतर दिसतें खरें, परंतु तें केवळ योगायोगाचें नाहीं असें गणितानें ठामपणें म्हणवेना. लहान छिद्रांच्या बाबतींत तर हा नियम पुष्कळ ठिकाणीं शिथिल झाला आहे. आपल्या वैद्याचें सांगणें रोग्यानें पाळावेंच. आम्ही त्याच्या विरुद्ध सुचवीत नाहीं. पण न पाळतां समोर पाहत बसलेल्यांपैकींही बहुतेकांचीं छिद्रें जर बुजतात, तर झोंपेंत दोन वेळां कूस बदललेल्या वृद्धेस आयुष्यभराचा पश्चात्ताप जोडून देण्याचा अधिकार कोणासही नाहीं, असें आम्हांस वाटतें.

येथें कोणी चतुर वाचक आक्षेप घेईल कीं, ह्या विचारसरणीनें जबाबदारीचाच लोप होईल. कारणें पांच, म्हणून दोष कोणाचाच नाहीं. निष्काळजी वैद्य अधिष्ठानाकडे बोट दाखवील, बेफिकीर रोगी दैवाकडे दाखवील! हा आक्षेप क्षुल्लक नाहीं. परंतु कारणें अनेक आहेत म्हणून प्रत्येकाचा वांटा नाहींसा होत नाहीं. तो मोजावा मात्र लागतो. आणि त्याचें माप परिणामावरून न घेतां, त्या माणसाच्या हातीं काय होतें व त्यास त्या वेळीं काय ठाऊक होतें, ह्यावरून घेतलें पाहिजे. डोळ्यांत वायु असेपर्यंत विमानांत बसूं नये, वैद्यास विचारल्यावांचून उंच घाट चढूं नये, असें रोग्यास बजावलेलें असतें. कारण वर बाहेरील हवेचा दाब कमी होतो, आंतला वायु फुगतो व डोळ्यांतील दाब वाढून आहे ती दृष्टिही जाण्याचा संभव असतो. हें नीट समजून घेतल्यावरही जो चौथ्या दिवशीं विमानानें लग्नास जातो, त्यास पांच कारणांची ढाल पुढें करतां येणार नाहीं, मग सुदैवानें त्याचा डोळा वांचला तरी. उलट जिनें सर्व पाळलें व तरी जिची दृष्टि आली नाहीं, तिच्या माथीं कणभरही दोष नाहीं. परिणामाकडे पाहून निवाडा देणारा पहिल्यास सोडतो आणि दुसरीस शिक्षा करतो. ह्याहून अन्यायाची व्याख्या ती कोणती करावी?

शस्त्रवैद्याचाही वांटा ह्याच मापानें मोजला पाहिजे. त्याच्या हाताचें कौशल्य हें त्याचें कर्तव्य आहेच. पण आणखी एक कर्तव्य त्याच्या जिभेचें आहे. यश ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत, हें त्यास ठाऊक असतें व रोग्यास ठाऊक नसतें. म्हणून छिद्र बुजण्याचा संभव किती, आणि बुजल्यावर तुमच्या ह्याच डोळ्याची दृष्टि सुधारण्याचा संभव किती, हे दोन आंकडे त्यानें वेगळे करून आधींच सांगितले पाहिजेत. वांकडेपणा थोडा राहील, सुधारणा सावकाश होईल, मोतीबिंदु येईल, हेंही सांगितलें पाहिजे. आधीं सांगितलें तर त्यास माहिती म्हणतात. मागाहून सांगितलें तर तेंच वाक्य सबब ठरतें. खरें सांगितल्यानें रोग्याची उमेद खचते, अशी भीति कित्येकांस वाटते. आमचा अनुभव उलट आहे. पुरें दिसेल अशा आशेनें आलेल्यास तक्त्यावरच्या दोन ओळी म्हणजे वंचना वाटते. आणि न केल्यास डाग वाढत जाईल, केल्यास बहुधा थोडें परत मिळेल, हें समजून आलेल्यास त्याच दोन ओळींत नातवाच्या चेहऱ्याचें नाक-डोळे परत मिळतात. दृष्टि तीच, पण एकाच्या पदरीं निराशा व दुसऱ्याच्या पदरीं समाधान पडतें.

आतां राहिला कुटुंबाचा वांटा. गीतेच्या त्या पांच कारणांत काल निराळा मोजलेला नाहीं. पण आमच्या उदाहरणांत अधिष्ठान हें कालाबरोबर पालटतें. आज लहान असलेलें छिद्र कांहीं महिन्यांनीं मोठें होतें. आज कडेला सरकलेली पेशी पुढच्या वर्षीं मेलेली असते. फार थोडीं छिद्रें आपोआप बुजतात; त्यांच्या भरंवशावर बसतां येत नाहीं. म्हणजे जें सर्वस्वीं दैवाधीन दिसतें, त्याचा एक मोठा अंश कालाधीन आहे, आणि तो काल रुग्णालयाबाहेर, घरांत, आपल्या हातीं असतो. एका डोळ्याचें वैगुण्य दुसरा डोळा झांकून घेतो, म्हणून हा विकार पुष्कळदां योगायोगानेंच कळतो. एखादे दिवशीं चांगला डोळा चोळतांना. त्यावर उपाय कांहीं खर्चाचा नाहीं. एक डोळा हातानें झांकून दुसऱ्यानें खिडकीच्या गजांकडे किंवा रेघांच्या कागदाकडे पाहावें, मग डोळा बदलावा. गज मधेंच वांकले तर त्याच आठवड्यांत नेत्रवैद्याकडे जावें. एका डोळ्यास छिद्र पडलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ५ ते १५ जणांच्या दुसऱ्या डोळ्यासही तें पुढें पडतें, तेव्हां त्यांनीं तर ही संवय सोडूंच नये.

परंतु गज वांकलेले दिसणें ही निम्मीच गोष्ट झाली. तें सांगितल्यावर कोणी ऐकणेंही लागतें. आपल्या घरांतून पुरुषाचा चष्मा फुटला तर दुसरे दिवशीं बदलतो, आणि आईस किंवा आजीस दिसेनासें झालें तर तें वयाच्या खातीं जमा होतें. तिलाही तेंच बरोबर वाटतें. आपल्या डोळ्यासाठीं मुलाची रजा कशाला, असें म्हणून ती गप्प राहते, व तिच्या गप्प राहण्यास आपण तिची सहनशीलता म्हणून गौरवितों. ही सहनशीलता कोणाच्या सोयीची असते, हा प्रश्न मात्र आपण स्वतःस विचारीत नाहीं. ज्या विकारांत स्त्रियांचें प्रमाण अधिक आणि उशीर हाच मोठा शत्रु, त्या विकारांत ह्या गौरवाची किंमत पेशींच्या रूपानें मोजावी लागते.

तात्पर्य, यशाचे वांटेकरी पुष्कळ आहेत ही गोष्ट नम्रता शिकविणारी आहे खरी; पण ती केवळ शस्त्रवैद्यास नम्र करण्यासाठीं नाहीं. शस्त्रक्रियेनंतर दोषाची वांटणी करावयास जे घरांत जमतात, त्यांचेंही नांव त्या वांटणींत असतें, आणि कित्येकदां तें पहिल्या ओळींत असतें. ती वांटणी करीत बसण्यापेक्षां आपला वांटा आधींच उचलणें हें अधिक पुरुषार्थाचें होय, आणि तो उचलावयाचा म्हणजे घरांतील म्हातारें माणूस "हल्लीं ओळी वांकड्या दिसतात" असें म्हणेल त्या वेळीं हातांतलें वर्तमानपत्र बाजूस ठेवून "कोणत्या डोळ्यानें?" एवढें विचारावयाचें.